डिझेल ट्रकच्या इंधनात चुकून परका द्रव मिसळणे

डिझेलवर चालणाऱ्या ट्रकच्या टाकीत डिझेलखेरीज दुसरा एखादा द्रव अनवधानाने जाणे आणि तो इंधनाबरोबर फिल्टर, पंप, नळ्या व इंजेक्टर यांच्यापर्यंत पोहोचणे, ही मालवाहतुकीच्या धंद्यातील परिचित आणि फार महाग पडणारी दुर्घटना आहे. असा द्रव बहुधा चारांपैकी एक असतो : पाणी, पेट्रोल, इंजिन ऑइल किंवा हायड्रॉलिक ऑइलसारखे वंगण आणि धुरावरील प्रक्रियेसाठी लागणारा युरियाचा द्राव, म्हणजेच डीईएफ. नफ्यासाठी रॉकेल वगैरे मिसळण्याचा प्रकार, ज्याला भेसळ म्हणतात, तो या नोंदीच्या कक्षेबाहेरचा आहे. येथे विचार आहे तो अनवधानाने झालेल्या चुकीचा आणि ती चूक लक्षात आल्यानंतर काय करावे याचा.

या चौघांची विभागणी एका साध्या कसोटीवर करता येते. पेट्रोल आणि वंगण डिझेलमध्ये विरघळतात, तर पाणी आणि डीईएफ विरघळत नाहीत. विरघळणारा द्रव संपूर्ण टाकीत सारखा पसरतो, त्यामुळे त्याचे प्रमाण किती यावर हानी अवलंबून असते. न विरघळणारा द्रव डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी जाऊन बसतो आणि इंधन ओढणाऱ्या नळीचे तोंडही तळाजवळच असते. “थोडेच गेले आहे, वरून टाकी भरून घेऊ, म्हणजे पातळ होईल” ही समजूत म्हणूनच पाणी आणि डीईएफ यांच्या बाबतीत सर्वस्वी चुकीची ठरते. टाकीत 10 लिटर डिझेल असो की 300 लिटर, तळाचा थर पातळ होत नाही आणि पंपाकडे तोच आधी जाण्याची शक्यता असते.

जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनांना अशा चुका काही प्रमाणात सोसत असत. आजच्या ट्रकमधील कॉमन रेल प्रणालीत, म्हणजे सर्व इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून (रेलमधून) इंधन पुरवणाऱ्या प्रणालीत, मात्र इंधन सुमारे 1,600 ते 2,000 बार, काही इंजिनांत त्याहूनही अधिक दाबाने इंजेक्टरकडे जाते. एवढा दाब टिकावा म्हणून पंपाच्या आणि इंजेक्टरच्या सरकत्या भागांमधील फट केवळ काही मायक्रॉनची ठेवलेली असते. माणसाच्या केसाची जाडी साधारण 70 मायक्रॉन असते, यावरून त्या फटीची कल्पना यावी. या भागांना वेगळे वंगण मिळत नाही, डिझेल हेच त्यांचे वंगण असते. बीएस-6 (भारत स्टेज-6, वाहनांच्या प्रदूषणाची भारतीय मानके) डिझेलमधील गंधकाची मर्यादा 50 वरून 10 भाग प्रतिदशलक्ष इतकी खाली आणली गेली. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक स्निग्धपणाही कमी होतो आणि तो ठरावीक पातळीवर राखण्यासाठी रसायने घालावी लागतात. पाण्याचा किंवा युरियाच्या द्रावाचा थर या पंपात शिरला की धातूवर धातू घासण्यास फार वेळ लागत नाही.

डीईएफ डिझेलच्या टाकीत

1 एप्रिल 2020 पासून भारतभर बीएस-6 मानके लागू झाल्यानंतर अवजड ट्रकमध्ये एससीआर ही नायट्रोजन ऑक्साइडांचे प्रमाण घटवणारी यंत्रणा सर्रास आली आणि तिच्यासोबत ट्रकला दुसरी टाकी आली. या टाकीतील द्रवात 32.5 टक्के युरिया आणि उरलेले खनिजविरहित पाणी असते. तप्त धुरात तो फवारला की युरियापासून अमोनिया तयार होतो आणि उत्प्रेरकावर अमोनियाच्या साहाय्याने नायट्रोजन ऑक्साइडांचे रूपांतर नायट्रोजन व पाण्याची वाफ यांत होते. ड्रायव्हर मंडळी याला सरळ ‘युरिया’ म्हणतात. हे नाव सोयीचे असले तरी फसवे आहे. शेतीच्या युरियाला भारतात कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो आणि त्यातील बाययुरेट या अशुद्ध घटकाचे प्रमाणही या कामाला चालत नाही, त्यामुळे पोत्यातला युरिया पाण्यात कालवून डीईएफ होत नाही.

दोन्ही टाक्यांची तोंडे वेगवेगळ्या मापांची ठेवलेली आहेत. डीईएफच्या नोझलचा व्यास 19 मिलिमीटर, तर डिझेलच्या नोझलचा त्याहून मोठा असतो. त्यामुळे डिझेलचे नोझल डीईएफच्या तोंडात सहसा जात नाही. मात्र उलट बाजूला ही अडचण नाही, कारण बारीक नोझल मोठ्या तोंडात सहज शिरते. काही डीईएफ नोझले टाकीच्या तोंडातील चुंबकाचा स्पर्श झाल्याशिवाय उघडतच नाहीत आणि ती योजना उत्तम आहे. परंतु आपल्याकडे डीईएफ मोठ्या प्रमाणावर 10 किंवा 20 लिटरच्या कॅनमधून, हाताने आणि नरसाळ्याने भरले जाते. कॅनला चुंबकही नाही आणि मापाचे बंधनही नाही. डीईएफच्या टाकीचे झाकण निळे असते, पण धुळीने माखलेल्या ट्रकवर, रात्री ढाब्याच्या अंधुक उजेडात, नव्याने लागलेल्या क्लीनरला निळा आणि काळा रंग वेगळे ओळखता येतीलच असे नाही. दोष माणसाच्या माथी मारण्याआधी हे ध्यानात घ्यायला हवे.

डीईएफची घनता लिटरला सुमारे 1.09 किलोग्रॅम, तर डिझेलची साधारण 0.82 ते 0.86 असते. ट्रक स्थिर असेल तर ओतलेला द्राव थोड्याच वेळात तळाशी गोळा होतो. तो डिझेलमध्ये राहिला तर दोन प्रकारे नुकसान करतो. एक म्हणजे तो अल्कधर्मी असून तांबे, पितळ, ॲल्युमिनियम, जस्ताचा मुलामा आणि साधे पोलाद यांना गंजवतो. म्हणूनच डीईएफची साठवण प्लास्टिकच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांत करतात. दुसरे म्हणजे उष्ण भागांत त्यातील पाणी उडून युरियाचे पांढरे खडे उरतात. ते फिल्टर बुजवतात आणि इंजेक्टरच्या सूक्ष्म छिद्रांत अडकतात.

चूक कळताच करावयाची पहिली गोष्ट म्हणजे चावीला हात न लावणे. इंजिन सुरू न करणे एवढे पुरत नाही. अनेक गाड्यांत चावी फिरवून डॅशबोर्डचे दिवे लागताच विजेवर चालणारा फीड पंप काही सेकंद धावतो आणि तेवढ्यात तळाचा द्राव फिल्टरपर्यंत येऊ शकतो. चावी काढून घ्यावी, बॅटरीची तार सोडवावी आणि स्टिअरिंगवर ठळक चिठ्ठी लावावी, कारण झाल्या प्रकाराची माहिती नसलेला दुसरा माणूस ट्रक बाजूला घेण्यासाठी बसतो आणि सगळे मुसळ केरात जाते. शक्य असेल तर ट्रक ओढून नेण्यापेक्षा जागेवरच टाकी रिकामी करणे बरे. ओढताना टाकीतले द्रव घुसळले जातात आणि तळाचा वेगळा थर मोडून बारीक थेंबांचे मिश्रण तयार होते, जे वेगळे व्हायला वेळ लागतो.

टाकीत नेमके काय गेले याची खात्री नसेल, तर तळाच्या नळातून पारदर्शक बाटलीत थोडा नमुना घ्यावा. दोन थर दिसले तर खालचा थर पाणी किंवा डीईएफ आहे. त्यातील चार थेंब काचेवर किंवा स्टीलच्या ताटलीवर ठेवून सुकू द्यावेत. डीईएफ असेल तर पांढरे स्फटिक उरतात, पाणी असेल तर फार तर क्षारांचा पुसट डाग राहतो. ही साधी चाचणी कोणत्याही गॅरेजमध्ये करता येते आणि पुढच्या खर्चाचा निर्णय तिच्यावर अवलंबून असल्याने ती वगळू नये. नमुन्याची बाटली तारखेसह जपून ठेवणेही हिताचे असते.

सफाईच्या बाबतीत कसबी मिस्त्रीसुद्धा एक चूक करतात, ती म्हणजे टाकी फक्त डिझेलने धुणे. युरियाचे स्फटिक डिझेलमध्ये विरघळत नाहीत, ते पाण्यात विरघळतात. तपमान साधारण 20 अंश सेल्सिअस असताना एक लिटर पाण्यात किलोभर युरिया सहज मावतो. म्हणून टाकी पूर्ण रिकामी केल्यावर, शक्यतो उतरवून, ती प्रथम कोमट, क्षारमुक्त पाण्याने धुवावी, मग कोरड्या हवेने पूर्ण वाळवावी आणि त्यानंतरच स्वच्छ डिझेलने खळखळावी. वाळवण्यात घाई झाली तर एक परका द्रव काढून दुसरा घातल्यासारखे होते. टाकीतील तरंग-मापक आणि ओढनळीवरील जाळी काढून स्वतंत्रपणे साफ करावी. चावी फिरवलीच गेली नसेल तर एवढी सफाई आणि खबरदारी म्हणून नवे फिल्टर यांवर काम भागते. मग हातपंपाने इंधन भरून, एअर काढून इंजिन सुरू करता येते.

इंजिन चालले असेल तर प्रकरण वेगळे होते. प्रथम फिल्टर काढून कापून पाहावा. त्याच्या घड्यांत पांढरी पूड दिसली तर द्राव तेथवर आला हे निश्चित. फिल्टरच्या घरात उरलेले डिझेल पांढऱ्या कापडावर ओतून उजेडात न्याहाळावे. त्यात धातूचा चमकणारा चुरा दिसला तर उच्च दाबाचा पंप झिजला आहे असे समजावे. कॉमन रेलमध्ये इंजेक्टरना न लागलेले इंधन परतीच्या नळीने टाकीकडे येते, त्यामुळे पंपाचा चुरा रेल, इंजेक्टर आणि परतीची नळी असा सगळा प्रवास करून पुन्हा टाकीत येतो. अशा वेळी केवळ पंप बदलणे म्हणजे नव्या पंपालाही त्याच चुऱ्यावर घासायला लावणे. पंप, रेल, इंजेक्टर व उच्च दाबाच्या नळ्या असा संच बदलण्याचा सल्ला कंपन्यांची सेवाकेंद्रे देतात, तेव्हा मालकाला तो लुबाडण्याचा डाव वाटतो. चुरा खरोखर सापडला असेल तर मात्र तो सल्ला योग्यच असतो. चुरा नसेल, केवळ स्फटिक असतील आणि ट्रक काही मिनिटेच चालला असेल, तर इंजेक्टर उतरवून टेस्ट बेंचवर तपासून घेण्याचा मधला मार्ग उरतो.

उलट चूक, म्हणजे डीईएफच्या टाकीत डिझेल जाणे, तुलनेने विरळ आहे, पण निरुपद्रवी नाही. डिझेल तेथे वर तरंगते, डीईएफच्या पंपातील रबरी सीलांना फुगवते आणि उत्प्रेरकापर्यंत गेल्यास त्याला निकामी करू शकते. पृष्ठभागावर इंद्रधनुषी तवंग ही त्याची ओळख. तोच कॅन किंवा तेच नरसाळे दोन्ही कामांना वापरल्यानेही हे घडते.

पाणी

पाणी हा सर्वांत जुना आणि सर्वांत सोशीकपणे येणारा पाहुणा आहे. अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेतील बाष्प रात्री गार होऊन थेंब बनते. कोकणातल्या पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हा अनुभव ठळकपणे येतो. झाकणाचे रबर फाटले असेल तर पावसाचे पाणी थेटही जाते. बहुतेक ट्रकना इंधनातील पाणी वेगळे करणारा वॉटर सेपरेटर असतो. त्याचा तळाचा स्क्रू सैल करून पाणी काढणे हे रोजचे दोन मिनिटांचे काम असून डॅशबोर्डवर दिवा लागेपर्यंत त्यासाठी थांबू नये. पाणी दीर्घकाळ राहिले तर पाणी व डिझेल यांच्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात. ते डिझेलमधील हायड्रोकार्बनांवर जगतात आणि त्यांचा काळपट, बुळबुळीत गाळ फिल्टर पुन्हा पुन्हा बुजवतो. फिल्टर बदलून आठवडाभरात परत ओढ कमी होत असेल तर टाकीचा तळ पाहावा.

पुराचे पाणी याहून वाईट. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि 22 जुलै 2021 रोजी चिपळूणमध्ये असंख्य वाहने बुडाली. बुडालेल्या ट्रकमध्ये टाकीच्या हवानळीतून गाळासह पाणी शिरते. असा ट्रक पूर ओसरल्यावर “लागतो का बघू” म्हणून सुरू करणे हा सर्वांत घातक प्रयोग आहे, कारण इंधनाबरोबरच हवेच्या मार्गात आणि इंजिन ऑइलमध्येही पाणी असण्याची शक्यता असते.

पेट्रोल आणि वंगण

पेट्रोल डिझेलमध्ये विरघळत असल्याने थर दिसत नाहीत, फक्त वास आणि पातळपणा जाणवतो. ते पंपाचे वंगण हिरावते आणि सेटेन क्रमांक (इंधन किती सहज पेट घेते याचे माप) खाली आणते, त्यामुळे इंजिन ठोका देते. हाताळताना मात्र त्याचा धोका सर्वांहून अधिक आहे. थोड्याशा पेट्रोलनेही मिश्रणाचा ज्वलनांक फार खाली येतो आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने गॅरेजच्या खड्ड्यात साचते. असे मिश्रण मोकळ्या जागेत, वेल्डिंग व उघड्या दिव्यांपासून दूर, टाकी आणि भांडे तारेने जमिनीशी जोडूनच उपसावे. इंजिन ऑइल थोडे गेल्यास पंपाला लगेच इजा होत नाही, पण त्यातील धातुयुक्त रसायनांची राख धुराच्या गाळणीत साचत जाते, त्यामुळे बीएस-6 ट्रकमध्ये तेही काढून टाकणेच योग्य.

उपसलेला द्रव गटारात किंवा रस्त्याकडेला ओतणे बेकायदेशीर आहे. 2016 च्या घातक कचरा नियमांनुसार तो अधिकृत पुनर्वापरकर्त्याकडे गेला पाहिजे आणि महाराष्ट्रात अशी परवानगी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ देते. दुरुस्तीच्या खर्चाबाबत सांगायचे तर कंपनीची वॉरंटी अशा चुका सहसा झाकत नाही आणि नेहमीच्या मोटार विम्यातही यांत्रिक बिघाड वगळलेला असतो. इंजिन संरक्षणाचे जोडपत्र घेतले असेल तर त्याच्या अटी दुरुस्ती सुरू करण्यापूर्वी वाचाव्यात, कारण विमा सर्वेक्षकाने टाकी व फिल्टर पाहण्याआधीच ते उघडले गेले, तर दावा फेटाळला जाण्याची शक्यता असते.