एरिकची बायको नेमकी कोणाची?

‘एरिक एल्स्कर सिन फ्रू’ या स्वीडिश वाक्याचा अर्थ, एरिकचं आपल्या बायकोवर प्रेम आहे. ‘सिन’ काढून ‘हान्स’ घातलं, की ती बायको दुसऱ्याच कुणाची तरी होते! इंग्रजीतल्या ‘हिज’ला हा भेद दाखवता येत नाही. जुन्या इंग्रजीतही ‘सीन’ होता, पण तो पुढे लोप पावला. स्कँडिनेव्हियाने मात्र तो जपला.

मराठी माणसाला हा शब्द शिकवावा लागू नये, कारण आपला ‘आपला’ हेच काम करतो. नॉर्वेजियनमध्ये तर तीन लिंगांची तीन रूपं आहेत. ‘बिल’ म्हणजे मोटार पुल्लिंगी, तिला ‘सिन’. ‘बूक’ म्हणजे पुस्तक स्त्रीलिंगी, त्याला ‘सी’. ‘हूस’ म्हणजे घर नपुंसकलिंगी, त्याला ‘सित्त’. आपला, आपली, आपलं! मालक पुरुष आहे की बाई, याने काही फरक पडत नाही. रूप ठरतं ते वस्तूच्या लिंगावरून. ‘तो आणि आपली बायको आले’ असं आपण म्हणत नाही, ‘त्याची बायको’ म्हणतो. स्वीडिशमध्येही कर्त्याच्या जागी ‘सिन’ चालत नाही, तिथे ‘हान्स’च लागतो.

शब्दांचं मूळ मात्र वेगळं. ‘आपला’ संस्कृत ‘आत्मन्’वरून, प्राकृतातल्या ‘अप्प’मार्गे आला. ‘सिन’चं नातं आहे ते संस्कृत ‘स्व’शी, म्हणजे आपल्या ‘स्वतः’शी. लॅटिनमधला ‘सुउस’ही त्याच कुळातला.

डॅनिशमध्ये एक गंमत आहे. कर्ता एकवचनी असेल तर ‘सिन’, अनेकवचनी झाला की ‘देरेस’, म्हणजे ‘त्यांचा’. त्यामुळे ‘ते देरेस मुलांवर प्रेम करतात’ म्हटलं, तर मुलं स्वतःची की शेजाऱ्यांची, हे संदर्भावरून ओळखायचं. स्वीडिशमध्ये तिथेही ‘सिना’च (‘सिन’चं अनेकवचनी रूप) येतो आणि घोळ होत नाही. नॉर्वेत ‘मानेन सिन हात्त’, म्हणजे शब्दशः ‘माणूस आपली टोपी’, असं म्हणून ‘माणसाची टोपी’ असा अर्थ घेतात. ही रचना बर्गन बंदरातल्या ‘हान्सा’ या जर्मन व्यापारी संघाच्या व्यापाऱ्यांच्या लो जर्मन (उत्तर जर्मनीतल्या) भाषेच्या प्रभावातून आली असं मानतात. तिथे त्या जर्मनांना ‘गार्प’ म्हणत, म्हणून हिचं नाव ‘गार्पेगेनितीव’, म्हणजे ‘गार्पांची षष्ठी’.

‘सिन’चा भाऊ ‘सिक’, म्हणजे ‘स्वतःला’, हा जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे या स्कँडिनेव्हियन भाषांच्या पूर्वज भाषेत, क्रियापदाला इतका चिकटला, की त्याचा फक्त ‘स्क’ उरला. स्वीडिशमध्ये त्याचा नुसता ‘स’ झाला: ‘काल्लास’ म्हणजे ‘म्हटलं जातं’. आइसलँडमध्ये तो ‘स्त’ होऊन टिकला.

आणि क्रियापदाला न चिकटलेला ‘सिक’, म्हणजे आजचा ‘सिग’, आइसलँडमध्ये फार लांब पोहोचतो. ‘योन म्हणतो, की मारियाचं सिगवर प्रेम आहे’ या वाक्यात, आतलं क्रियापद संकेतार्थी (सांगितलेली किंवा कल्पिलेली गोष्ट दाखवणाऱ्या रूपात) असलं, की ‘सिग’ योनकडे बोट दाखवू शकतो. मराठीतही ‘योन म्हणतो, मारियाचं आपल्यावर प्रेम आहे’ म्हटलं, की ‘आपल्यावर’ म्हणजे योनवर असा अर्थ आपण सहज लावतो.