तवकीर, आठळ्या आणि विशेष स्टार्च : कोकणातील एका जुन्या उद्योगाची पार्श्वभूमी

पौष सरत आला की दक्षिण कोकणातील काही परसांत तवकिरीचे गड्डे खणायला काढतात. गड्डे धुऊन, साल खरवडून ते खडबडीत दगडावर किंवा पत्र्याच्या किसणीवर घासायचे, तो लगदा पाण्यात कालवून जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचा आणि गाळलेले पाणी रात्रभर न हलवता ठेवायचे. सकाळी वर पिवळसर, कडवट निवळी आलेली असते आणि तळाशी पांढरा, घट्ट साका बसलेला असतो. निवळी ओतून टाकायची, नवे पाणी घालून साका पुन्हा ढवळायचा, आणि कडवटपणा जाईपर्यंत रोज हेच करायचे. शेवटी ताटात पसरून उन्हात वाळवलेली पूड चिमटीत दाबली की करकरते. अन्नासाठी विशेष पिकांपासून स्टार्च तयार करण्याबद्दल आज जे बोलले जाते, त्याची मूळ कृती या ताटात पूर्णपणे दिसते; कारखान्यात किसणीच्या जागी यंत्र आणि रात्रीच्या जागी सेंट्रिफ्यूज, म्हणजे वेगाने फिरवून साका वेगळा करणारे यंत्र, येते, एवढाच फरक.

मराठीत स्टार्चला एक नाव नाही. पाठ्यपुस्तकात ते पिष्ट असते, नाचणीचे असेल तर सत्त्व, कुरडयांसाठी गहू भिजवून काढले तर चीक, आणि कपड्यांना लावले तर खळ. प्रत्येक नाव वापरावरून पडलेले आहे. सर्व पिष्टे सारखी नसतात, हे बोलणाऱ्यांना ठाऊक होते असे यावरून म्हणता येईल. तवकीर हे नावही एकाच वनस्पतीचे राहिलेले नाही. मूळची तवकीर हळदीच्या कुळातील, म्हणजे कुर्कुमा अंगुस्टिफोलिया. मध्य भारतात तिलाच तिखूर म्हणतात. वेस्ट इंडिजमधून जगभर गेलेले आरारूट मात्र मरांटा अरुंडिनेशिया या वेगळ्याच वनस्पतीचे, आणि कॅरिबियन समुद्रातील सेंट व्हिन्सेंट बेट त्यासाठी प्रसिद्ध झाले. बाजारात दोन्ही नावे एकमेकांत मिसळली, आणि पुढे तर ‘आरारूट’ लिहिलेल्या पुडीत मक्याचे किंवा टॅपिओका या कंदाचे पीठ निघू लागले. ही लबाडी नवी नाही. लंडनमध्ये १८५१ ते १८५४ या काळात डॉ. आर्थर हिल हॅसल यांनी बाजारातील अन्नपदार्थ सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा आरारुटात बटाट्याचे आणि सागो ताडाचे पिष्ट सापडले होते. प्रत्येक पिकाच्या पिष्टकणाचा आकार आणि घडण वेगळी असते, म्हणूनच ते पकडता आले. तांदळाचे कण जेमतेम तीन ते आठ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि कोनेदार असतात, तर बटाट्याचे शंभर मायक्रॉनपर्यंत मोठे, शिंपल्यासारखे वळे असलेले.

कणांच्या आत अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन घटक असतात, आणि त्यांच्या प्रमाणावर शिजल्यानंतरचा स्वभाव बराचसा ठरतो. अमायलोज जास्त असेल तर गार झाल्यावर पदार्थ घट्ट होऊन आकार धरतो. अमायलोपेक्टिन जास्त असेल तर तो चिकट आणि पारदर्शक राहतो. ही भाषा विसाव्या शतकातली, परंतु तिचा व्यवहार कोकणातल्या चुलीवर आधीपासून होता. मालवणी शिरवाळ्यांसाठी तांदळाच्या पिठाचे गोळे आधी शिजवून मग गरम असतानाच साच्यातून दाबतात. शिजलेले पिष्ट एकमेकांना धरते आणि गार होताना त्याची तार पक्की होते. गव्हासारखे ग्लुटेन, म्हणजे कणीक धरून ठेवणारे प्रथिन, तांदळात नाही, म्हणून ते काम पिष्टालाच करावे लागते. मोदकाच्या उकडीतही तेच घडते, फक्त तिथे तार नको असते, पारीला चीर न पडण्याइतकी लवचीकता हवी असते, आणि म्हणून तांदूळ वेगळा निवडला जातो.

उकड्या तांदळाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. भात भिजवून, वाफवून, वाळवून मग कांडायचा, या पद्धतीत दाण्यातील पिष्ट सालीच्या आत असतानाच एकदा फुगते आणि वाळताना पुन्हा आवळते. म्हणून उकड्याच्या पेजेत शीत मोडत नाही आणि पेज सुटी राहते. केवळ ओलावा आणि उष्णता वापरून पिष्टाचा स्वभाव बदलण्याच्या ज्या प्रक्रियांकडे आज खाद्य उद्योग रसायनांना पर्याय म्हणून पाहतो, त्यांच्याच कुळातली ही रीत आहे. तिला शोध म्हणण्याची गरज सिंधुदुर्गात कोणाला वाटली नाही.

उद्योगाचा इतिहास मात्र वेगळ्या वाटेने गेला, आणि त्याला बहुतेक वळणे टंचाईने दिली. अमेरिकेत थॉमस किंग्जफर्ड यांनी १८४२ मध्ये मक्यापासून स्टार्च वेगळा काढला. तो आधी कपड्यांसाठी होता, खाण्यासाठी नंतर आला. मका स्वस्त आणि मुबलक असल्याने पुढे त्याच्यासमोर इतर पिके मागे पडली. तरीही पुडिंग आणि फळांच्या भरणासाठी अमेरिकेला जावामधून येणारा टॅपिओका लागत असे, कारण तो पारदर्शक शिजतो आणि त्याला धान्याचा वास नसतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, जपानने जावा घेतले आणि तो पुरवठा तुटला. तेव्हा १९०८ मध्ये चीनमधून आलेला आणि केवळ वनस्पतिशास्त्रातील नवल म्हणून जपलेला मेणचट मका शेतात उतरवण्यात आला, कारण त्याच्या पिष्टात जवळजवळ सगळे अमायलोपेक्टिनच होते. एका विशिष्ट गुणासाठी पीकच शेतात आणण्याचे हे ठळक उदाहरण आहे.

त्याच युद्धाची दुसरी बाजू आपल्या उपवासाच्या ताटात आहे. साबुदाणा मूळचा मलाया आणि इंडोनेशियाकडील सागो ताडाच्या खोडातला. तिकडची आवक थांबल्यावर १९४३ च्या सुमारास तमिळनाडूतील सेलम भागात टॅपिओकापासून साबुदाणा करण्याचा उद्योग उभा राहिला. टॅपिओका पोर्तुगीजांबरोबर दक्षिण अमेरिकेतून आलेले कंद, आणि त्रावणकोरात विशाखम तिरुनाळ महाराजांनी १८८० नंतर त्याला उत्तेजन दिलेले. एकादशीला चालणारी खिचडी एवढा प्रवास करून आलेली आहे. कोकणात मात्र सागो ताडाचा भाऊ शोभेल असा भेरली माड आहे. त्याच्या खोडाच्या गाभ्यातून असेच पिष्ट निघते आणि टंचाईच्या वेळी ते खाल्ले जाई, पण त्यासाठी झाड तोडावे लागते.

युद्धानंतर रासायनिक फेरफार केलेल्या स्टार्चचा काळ आला. सॉसच्या बाटलीवर बारीक अक्षरांत १४२२ किंवा १४४२ असा क्रमांक दिसतो, तो त्यांचाच. असा स्टार्च आंबटपणात, उष्णतेत आणि फ्रीजमध्ये टिकतो. अलीकडे ग्राहक हे क्रमांक वाचून बाटली परत ठेवू लागला, आणि मूळचाच हवा तो गुण असलेले पिष्ट कोणत्या पिकात आहे, याचा शोध पुन्हा सुरू झाला. भारतात त्यासाठीचा पाया तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेने १९६३ पासून घातला होता. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये झाले, आणि कंदपिकांच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचे एक केंद्र तेथे आहे.

कोकणात कच्च्या मालाची उणीव नाही. सुरण, करांदे, कणगर, घोरकंद, अळूचे कांदे, फणसाच्या आठळ्या आणि आंबारसाच्या कारखान्यांमागे साचणाऱ्या कोयी, या सर्वांत पिष्ट आहे. अडचण ते सोडवून घेण्यात आहे, आणि ती प्रत्येकाची निराळी आहे. अळूच्या पिष्टाचे कण फार बारीक असतात, त्यात बुळबुळीतपणा, त्यामुळे साका लवकर बसतच नाही. सुरणात खाज आणणारे ऑक्झलेटचे सुईसारखे कण असतात. कोयीत तुरटपणा आणि चरबी असते. दोन्ही काढल्याशिवाय पीठ रुचत नाही.

आठळ्यांची अडचण पंचांगातली आहे. कंद हिवाळ्यात निघतात, तेव्हा वाळवायला ऊन मिळते. फणस वैशाख-ज्येष्ठात पिकतो, आणि आठळ्यांचा ढीग पडतो तेव्हा आभाळ भरून आलेले असते. घरे त्यावर उपाय काढतात तो आठळ्यांना माती लावून कोपऱ्यात ठेवण्याचा, आणि पावसाळ्यात भाजीला किंवा भाजून खायला त्या पुरतात. पण पिष्टासाठी त्या लगेच सोलून, दळून, धुऊन वाळवाव्या लागतात, म्हणजे यंत्राचे वाळवणीघर हवे आणि वर्षात दीड-दोन महिनेच चालणाऱ्या त्या यंत्राचा खर्च कोणी तरी सोसायला हवा. शिवाय फणस बागेत ओळीने लावलेला नसतो. तो बांधावर एक, विहिरीजवळ एक, देवळामागे एक असा असतो, प्रत्येकाची जात निराळी, कोणी कापा, कोणी बरका. स्टार्च विकत घेणाऱ्याला मात्र प्रत्येक पोत्यात तीच आर्द्रता, तोच पांढरेपणा आणि शिजल्यावर तोच घट्टपणा लागतो.

तवकीर विकणाऱ्या बाईला यांतले काही विचारले जात नाही. गिऱ्हाईक चिमूटभर पूड जिभेवर ठेवते आणि किती पाण्यांची आहे एवढे विचारते. सात पाण्यांची असेल, तर भाव तीच सांगते.