फ्रान्सचे पंतप्रधानपद

फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्ष हे राष्ट्रप्रमुख, तर पंतप्रधान हे शासनप्रमुख असतात. ‘पंतप्रधान’ हे पदनाम १९५८ च्या राज्यघटनेने रूढ केले. पद मात्र त्याहून बरेच जुने असून, त्याच्या इतिहासाचा मोठा भाग लेखी घटनेत त्याचा उल्लेख नसतानाच घडला.

राजेशाहीत रीशल्य (१६२४–४२) व त्यानंतर माझारँ यांनी मुख्य मंत्री म्हणून कारभार पाहिला. पण ती सत्ता राजाच्या मर्जीवर उभी होती. १६६१ मध्ये माझारँ वारल्यावर चौदाव्या लुईने मुख्य मंत्री नेमलाच नाही. जुलै १८१५ मध्ये अठराव्या लुईने तालेराँकडे मंत्रिपरिषदेचे अध्यक्षपद सोपवले, आणि आधुनिक पदाचा आरंभ सामान्यतः तेथून धरतात.

तिसऱ्या प्रजासत्ताकाच्या (१८७०–१९४०) १८७५ च्या घटनात्मक कायद्यांत या पदाविषयी अवाक्षर नाही. ‘मंत्रिपरिषदेचा अध्यक्ष’ हे नावही फसवे होते, कारण परिषदेच्या बैठकीचे अध्यक्षस्थान राष्ट्राध्यक्षच भूषवीत. १६ मे १८७७ रोजी राष्ट्राध्यक्ष माकमाओं यांच्या नाराजीच्या पत्रावरून झ्यूल सिमों यांनी राजीनामा दिला. त्यानंतर प्रतिनिधिगृह विसर्जित झाले, पण निवडणुकीत प्रजासत्ताकवादीच पुन्हा बहुमताने आले. पुढे या प्रजासत्ताकातील एकाही राष्ट्राध्यक्षाने विसर्जनाचा अधिकार वापरला नाही, आणि विसर्जनाची धास्ती उरली नसल्याने प्रतिनिधी सरकारे बेधडक पाडू लागले. आरिस्तीद ब्रियाँ तर अकरा वेळा शासनप्रमुख झाले. या पदाला स्वतःची कचेरीदेखील नव्हती. प्रमुख स्वतःकडे गृह किंवा परराष्ट्र असे एखादे खाते ठेवी आणि त्याच खात्याच्या इमारतीतून काम करी. १९३४ अखेरच्या वित्तीय कायद्याने स्वतंत्र कर्मचारीवर्गाची तरतूद झाली, आणि १९३५ मध्ये फ्लांदँ यांनी पॅरिसमधील वारेन मार्गावरच्या मातिन्याँ प्रासादात बस्तान हलवले. आज ‘मातिन्याँ’ म्हटले की पंतप्रधानांचे कार्यालय, असाच अर्थ होतो. त्याच्या बागेत झाड लावण्याची प्रथा रेमों बार यांच्यापासून पडली; पद टिको न टिको, झाड टिकते.

चौथ्या प्रजासत्ताकाने (१९४६) पदाला घटनेत स्थान दिले. नियोजित प्रमुखाने एकट्याने राष्ट्रीय सभेची (संसदेच्या कनिष्ठ गृहाची) मान्यता घ्यावी, एवढीच घटनेची अपेक्षा होती. परंतु १९४७ मध्ये पॉल रामादिये मंत्र्यांची यादी घेऊन सभेपुढे दुसऱ्यांदा गेले, त्यातून दुहेरी मान्यतेचा पायंडा पडला आणि सरकारे पूर्वीइतकीच अल्पायुषी राहिली.

या अनुभवावरचा उतारा म्हणून द गॉल व मिशेल देब्रे यांनी १९५८ ची घटना घडवली. देब्रे हेच जानेवारी १९५९ मध्ये पहिले पंतप्रधान झाले. कलम २० नुसार राष्ट्राचे धोरण शासन ठरवते; व्यवहारात बहुमत राष्ट्राध्यक्षांच्या बाजूचे असले की धोरण एलिझे प्रासादात, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी, ठरते. १९८६–८८, १९९३–९५ आणि १९९७–२००२ या ‘सहवासा’च्या, म्हणजे राष्ट्राध्यक्ष एका बाजूचे आणि संसदेतील बहुमत दुसऱ्या बाजूचे अशा काळात मात्र, विरोधी बहुमतामुळे शिराक, बालादूर व जोस्पँ यांच्या हाती खरा कारभार आला. कलम ४९.३ खाली पंतप्रधान एखादे विधेयक मतदानाविना संमत करून घेऊ शकतात. चोवीस तासांत अविश्वास प्रस्ताव दाखल होऊन तो संमत झाला, तरच विधेयक व सरकार दोन्ही कोसळतात. मार्च २०२३ मध्ये निवृत्तिवेतनाच्या कायद्यावरून एलिझाबेत बोर्न यांचे सरकार अवघ्या नऊ मतांनी वाचले. अविश्वास प्रस्तावाने १९६२ मध्ये पाँपिदू यांचे, तर डिसेंबर २०२४ मध्ये मिशेल बार्निये यांचे सरकार पडले. सप्टेंबर २०२५ मध्ये फ्राँस्वा बायरू यांनी स्वतःहून विश्वासमत मागितले आणि १९४ विरुद्ध ३६४ मतांनी ते गमावले.