सेरेंगेटीचे विल्डबीस्ट आणि गुरांची बुळकांडी

आफ्रिकेत सफारी करून कुणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला, सिंह दिसला का? मग बिग फाइव्हची यादी सुरू होते, सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस. पण टांझानियातल्या सेरेंगेटीला कुणी निघालं की मी आवर्जून सांगते, बाबा रे विल्डबीस्टकडे नीट बघ. लांबोडकं तोंड, दाढी, पुढून दांडगा आणि मागून हडकुळा असा हा प्राणी, फोटोत काही खास येत नाही म्हणून जीप पुढे निघून जाते, पण आख्खं सेरेंगेटी चालतं ते त्याच्या जिवावर.

आज तिथे साधारण १३ लाख विल्डबीस्ट आहेत. १९६० च्या सुरुवातीला मोजले तेव्हा जेमतेम अडीच लाख भरले होते. मग एवढे वाढले कसे? पाऊस चांगला झाला हे कारण आहेच, पण खरं कारण म्हणजे बुळकांडी हा गुरांचा रोग तिथून गेला. आपल्याकडे गावातल्या जुन्या माणसांना हा रोग चांगला माहितीय, जनावराला सणकून ताप, तोंडात फोड, मग जुलाब, आणि आठवड्या-दीड आठवड्यात खेळ खलास, गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. याचा व्हायरस गोवराच्या व्हायरसचा जवळचा नातेवाईक.

१८८७ च्या सुमारास इटालियन सैन्यासाठी बाहेरून आणलेल्या गुरांबरोबर बुळकांडी आजच्या इरिट्रियात उतरली आणि दहाएक वर्षांत थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत पोचली. मसाई लोकांची गुरं मेली, पाठोपाठ उपासमारीने माणसं मेली, आणि रानात विल्डबीस्ट आणि रानम्हशीही मेल्या, कारण दोन खुरांच्या जनावरांना तो रोग होतो. झेब्रा मात्र घोड्याच्या कुळातला, एका खुराचा, त्याला काहीच झालं नाही. नंतर विल्डबीस्ट भराभर वाढले तेव्हाही झेब्रे साधारण होते तेवढेच राहिले, आणि मला या सगळ्यातला हा पुरावा सगळ्यात जास्त आवडतो.

पुढे १९५० आणि ६० च्या दशकात सेरेंगेटीच्या आजूबाजूच्या गुरांना लस टोचली गेली. केनियात वॉल्टर प्लोराइट यांनी तयार केलेली लस तर इतकी भरवशाची निघाली की तिनेच पुढे जगभर काम केलं. रानातल्या एकाही विल्डबीस्टला कुणी सुई लावली नव्हती, तरी १९६३ च्या आसपास त्यांच्यातला रोग गायब झाला! म्हणजे व्हायरस जिवंत ठेवत होती ती पाळीव गुरं, रानातल्या जनावरांना तो त्यांच्याकडून लागायचा. आधी वासरं वर्षाची व्हायच्या आतच मोठ्या संख्येने मरायची, ती आता जगायला लागली आणि १९७७ पर्यंत कळप १३ लाखांच्या घरात गेला.

इथून पुढची गोष्ट गवताची आहे. एवढी तोंडं चरायला लागल्यावर कोरड्या दिवसांत वाळून उभं राहणारं गवतच कमी झालं, त्यामुळे वणवे कमी झाले, त्यामुळे पूर्वी दरवर्षी जळून जाणारी बाभळीची रोपं वाचली आणि झाडी वाढली. तिकडे सिंह आणि तरसांनाही खायला मुबलक मिळालं. सफारीत झाडाखाली पहुडलेला सिंह दिसला तर ते झाड आणि तो सिंह, दोन्हींमागे गुरांची लस आहे असं म्हणायला हरकत नाही.

हे सगळं जवळून बघायचं तर फेब्रुवारीत दक्षिणेला एंडुटूकडे जा. ज्वालामुखीच्या राखेची जमीन, खाली दगडासारखा कडक थर, म्हणून झाड जवळपास नाही, पण आखूड गवत कॅल्शियम-फॉस्फरसने भरलेलं, दूध पाजणाऱ्या माद्यांना नेमकं हवं तसं. बहुतेक पिल्लं दोन-तीन आठवड्यांत एकदमच जन्मतात, एवढी की तरसं खाऊन खाऊन खाणार किती. ओलं पिल्लू धडपडतं, पडतं, परत उठतं आणि काही मिनिटांत आईमागे पळायला लागतं.

२०११ मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं, देवीनंतर माणसाने समूळ घालवलेला हा दुसराच रोग. पण तिचाच भाऊबंद, शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर, अजून आहे. आपल्याकडे महाराष्ट्रातही शेळ्यांना त्याची लस देतात, आणि सेरेंगेटीच्या परिसरातल्या रानटी जनावरांच्या रक्तात त्याच्या अँटीबॉडीज सापडल्यात. २०३० पर्यंत तो जगातून घालवायचं ठरलंय, चांगली लसही हातात आहे, आता ती शेळी पाळणाऱ्या प्रत्येक वाडीवस्तीपर्यंत पोचायला हवी.