गोव्यात कुठंपण प्यायला चालतं? फातोर्ड्याच्या पार्किंगमधे पण?

मडगावच्या फातोर्डा स्टेडियमला मॅच असली की पार्किंगमधे एक डायलॉग हमखास ऐकू येतो, अरे हा गोवा आहे, इथं उघड्यावर प्यायलं तरी चालतं, आणि गाडीत बसून प्यायलं तर ती खाजगी जागा, पोलिसांचा काय संबंध. दोन्ही चूक.

दारू स्वस्त आणि बार जागोजागी, त्यातनं हा समज झाला बहुतेक. पण लायसन त्या बारच्या जागेचं असतं, समोरच्या रस्त्याचं नाही. 2016 मधे अबकारी कायद्यात दुरुस्ती झाली आणि सार्वजनिक जागा नो-ड्रिंकिंग झोन जाहीर करायचा अधिकार सरकारला मिळाला. 2019 मधे पर्यटन स्थळांच्या कायद्यात बदल करून उघड्यावर पिणाऱ्या एकट्याला 2,000 आणि ग्रुपला 10,000 दंड ठेवला, 2022 च्या आदेशात तर 5,000 ते 50,000. (हा पर्यटन स्थळांपुरता हं, प्रत्येक पार्किंगला आपोआप लागत नाही.)

आता गाडीचं. 2019 मधे सुप्रीम कोर्टानं बिहारच्या एका केसमधे सांगितलं की सार्वजनिक रस्त्यावरची खाजगी गाडी पण सार्वजनिक जागाच. केस तिथल्या दारूबंदी कायद्याची होती, मान्य, पण 'काचा वर केल्या की घर' हे लॉजिक कोर्टाला पटलं नाही एवढं नक्की.

आणि दारू पिऊन पार्किंगमधे राडा केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 355 आहेच, 24 तासांपर्यंत आत नाहीतर 1,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. मॅच संपल्यावर स्टिअरिंग धरलं तर मग वेगळंच, 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर गेलात की पहिल्याच वेळी 10,000 दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.