वनस्पतिजन्य उष्णतारोधक

छत व भिंतींतून घरात शिरणारी उष्णता अडवणारे वनस्पतिज पदार्थ. गव्हाचे काड, भाताचे तूस, उसाची चिपाडे, काथ्या, ताग, बूच, लाकडाचे तंतू, रद्दी कागदाचा लगदा हे त्यांपैकी काही. उष्णता अडवते ती खरे तर त्यांच्या पोकळ्यांत कोंडलेली हवा. स्थिर हवेची उष्णतावाहकता मीटर-केल्विनला सुमारे ०.०२६ वॉट, बुचाची ०.०४, दाबलेल्या काडाची ०.०५ ते ०.०७, विटेची साधारण त्याच्या दहापट आणि काँक्रीटची त्याहूनही जास्त.

इंदूरसारख्या ठिकाणी विचार आधी छताचा करावा लागतो. माळव्याच्या रात्री गार म्हणून नावाजलेल्या आहेत, पण दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली झोपणाऱ्याला तो गारवा कळत नाही. निवासी इमारतींसाठीच्या 'इको-निवास संहिते'ने (२०१८) छताची उष्णता-पारगम्यता (आतबाहेर एका अंशाचा फरक असता चौरस मीटरमधून पार होणारी उष्णता) चौरस मीटर-केल्विनला १.२ वॉटपर्यंत मर्यादित केली आहे. नुसत्या १५ सेंमी. स्लॅबची ती तीनच्या वर जाते. चार सेंमी. जाडीचा दाबलेल्या काडाचा थर दिला, तर हिशेब मर्यादेत बसतो. कच्चा माल दूर नाही. इंदूरभोवती गहू निघाल्यावर शेतात उभी राहणारी नरवाई (धसकटे) सर्रास पेटवली जाते. अर्थात भुशावर पहिला हक्क गुरांचा, हे विसरून चालत नाही.

वाळ्याच्या ताट्यांची गणना मात्र येथे करू नये. त्या बाष्पीभवनाने गारवा देतात. पाणी सुकले की काम संपले.

काडाच्या गाठोड्यांची घरे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील नेब्रास्कात उभी राहिली. फ्रान्समधील मोंतार्जी येथील १९२० चे घर अजून उभे आहे. आपल्याकडे वेरूळच्या लेण्यांतील गिलाव्यात भांगेचे तंतू आढळले आहेत, पण ते गिलावा धरून ठेवण्यासाठी.

आगीची शंका हमखास निघते, आणि इंदूरकरांना ती काढायचा अधिकारही आहे: राजवाड्याचे वरचे लाकडी मजले १९८४ च्या आगीत होरपळले. सुटे काड भडकते. घट्ट दाबून गिलावा केलेल्या काडाला हवा मिळत नाही, ते सावकाश धुमसते. कागदी लगद्यात बोरॅक्स (टाकणखार) मिसळतात. त्याने आगीला आळा बसतो आणि कीडही लांब राहते.

खरा शत्रू ओल. स्लॅबवर तुसाची पोती अंथरून वर ताडपत्री टाकली, तर पहिल्याच पावसाळ्यात ती कुजतात, मागून वाळवी येते. म्हणून थर स्लॅबच्या खालून देणे बरे, तेही गळती बंद केल्यावरच. गिलावा चुन्याचा किंवा मातीचा हवा. सिमेंटचा गिलावा आत शिरलेली ओल बाहेर पडू देत नाही.