खुडूक कोंबडी ते थर्माकोलची पेटी: घरच्या इनक्युबेटरची पार्श्वभूमी

सोलापुरात आता ओळखीत एक तरी माणूस असतोच ज्यानं घरात अंडी बसवलीत. कुणी थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून जुगाड केलेला असतो, कुणी ऑनलाईन छोटी ऑटोमॅटिक मशीन मागवलेली असते, आणि अठरा-एकोणीस दिवस झाले की घरातलं लहान पोर शाळेतून आल्या आल्या आधी काचेला नाक लावून बसतं. बरेच लोक हे युट्युबचं खूळ समजतात. पण माणूस अंडी उबवायच्या मागं दोन हजार वर्षांहून जास्त काळ लागलेला आहे, आणि या सगळ्या काळात अडचण एकच राहिली. ऊब तयार करणं कधीच अवघड नव्हतं, शेण पेटवलं तरी ऊब मिळते, अवघड होतं ते एकवीस दिवस ती ऊब हलू न देणं.

कोंबडी हे काम फुकटात करते. गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि मग एक दिवस खुराड्यातून उठतच नाही, पिसं फुगवून बसते, हात घातला की चोच मारते, म्हणजे ती खुडूक झाली. मग घरातली म्हातारी टोपल्यात कडब्याचा चुरा नाहीतर भुसा टाकणार, निवडून दहा-बारा अंडी ठेवणार, सांजच्याला कोंबडीला त्यावर बसवणार, कोपऱ्यात लोखंडाचा एखादा तुकडा पण ठेवणार, कारण ढग गडगडले की अंडी नासतात अशी समजूत. लोखंडाचं सोडा, पण बाकीचं सगळं शास्त्राला धरून आहे. खुडूक झालेल्या कोंबडीच्या पोटाखालची पिसं झडतात आणि उघडी कातडी थेट अंड्याला लागते, ती दिवसातून कितीतरी वेळा चोचीनं अंडी फिरवते, त्यामुळं आतला गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटत नाही, आणि दिवसातून एखाद्या वेळेस दाणापाण्याला उठते तेवढाच अंड्यांना गारवा. अडचण एवढीच की ती तिच्या मर्जीनं खुडूक होते आपल्या नाही, आणि बसली की अंडी द्यायची बंद. म्हणून ज्यांना अंडी विकायची असतात ते उलट खुडूक मोडायला बघतात, पाण्यात बुडव, नाकात पीस घाल, असले प्रकार अजून खेड्यात चालतात.

कोंबडीशिवाय पिल्लं काढायचं श्रेय पहिल्यांदा इजिप्तकडं जातं. ॲरिस्टॉटलनं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवलंय की तिकडं अंडी शेणखताच्या उबेत पुरून पिल्लं काढतात. नंतर तिथं कच्च्या विटांच्या भट्ट्या झाल्या, मधे बोळ, दोन्ही बाजूला घुमटाच्या खोल्या, खाली अंडी आणि वर चरात गवताचा भुसा आणि उंटाचं शेण धुमसत ठेवलेलं. थर्मामीटर नव्हता. भट्टीवाला अंडं उचलून डोळ्याच्या पापणीला लावायचा आणि तेवढ्यावरून ओळखायचा की झरोका उघडायचा का विस्तव वाढवायचा. पापणीची कातडी पातळ, तिला अर्धा-एक अंश फरक लगेच कळतो. हे काम पिढीजात चालायचं, बाप मुलाला शिकवायचा, आणि अशा भट्ट्या तिथं अगदी या शतकापर्यंत चालू होत्या. आपल्याकडं वाटतं डिजिटल मीटर नसला तर पिल्लू निघणारच नाही, तिथं नुसत्या पापणीवर हजारो अंडी निघाली राव. चीनमधेही तांदळाचा तूस तापवून टोपल्यांत अंड्यांचे थर लावायची पद्धत जुनी आहे, तिथं जोर बदकांवर. दोन्हीकडं एक गोष्ट लोकांच्या ध्यानात आलेली होती की दुसऱ्या आठवड्यानंतर वाढणारं पिल्लू स्वतःच ऊब सोडायला लागतं, म्हणून जुन्या अंड्यांच्या उबेवर नवीन अंडी भागतात आणि जळण वाचतं.

युरोपवाल्यांना ती पापणीची विद्या काय जमली नाही, म्हणून त्यांनी माणसाच्या जागी यंत्र बसवायचा नाद धरला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमधे राहणारा डच माणूस कॉर्नेलिस ड्रेबेल यानं पारा वापरून भट्टीची हवा आपोआप कमी-जास्त करणारी सोय केली, पारा चढला की झडप बंद, उतरला की उघडी, आणि ती अंडी उबवायच्या पेटीला लावली. म्हणजे आज फ्रीज, इस्त्री, गीझर सगळ्यात जो थर्मोस्टॅट आहे त्याच्या अगदी पहिल्या नमुन्यांपैकी एक कोंबडीच्या अंड्यासाठी झाला. मग १७४९ मधे फ्रान्सच्या रेओम्यूरनं, ज्याच्या नावाचं तापमानाचं माप होतं तोच, घोड्याच्या लिदेच्या उबेत पिंपं ठेवून पिल्लं काढायचे प्रयोग छापले. कागदावर छान, पण शेतकऱ्याच्या हातात टिकेल असं काही त्यातून निघालं नाही. ते निघालं १८८१ मधे, इंग्लंडमधे चार्ल्स हिअर्सननं एक छोटी धातूची डबी केली, आत लवकर उकळणारा द्रव, पेटी जास्त तापली की डबी फुगते आणि दांडीनं दिव्यावरचं झाकण उचलते, जादा ऊब बाहेर. यात ना वीज ना पारा. याच तत्त्वावरची ईथर भरलेली कॅप्सूल नंतर शंभर वर्षं साध्या इनक्युबेटरमधे चालली. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८७९ मधे, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावात लायमन बाईसनं आपली मशीन काढली आणि ते गाव पुढं जगाची अंड्याची राजधानी म्हणवून घ्यायला लागलं.

याच काळातली एक गोष्ट मला सगळ्यात भारी वाटते. पॅरिसचा बाळंतपणाचा डॉक्टर स्तेफान तार्निए तिथल्या प्राणीबागेत गेला, तिथं कोंबडीची पिल्लं उबवायची पेटी बघितली आणि ती बनवणाऱ्या ओदिल मार्तांला सांगून तसलीच पेटी दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांसाठी करून घेतली, साल १८८०. आज आपण दवाखान्यात बाळाला काचेत ठेवलं म्हणतो ना, ती काच मूळची कोंबडीची.

तोपर्यंत पेटीतला खेळ बहुतेक थोड्या अंड्यांचाच होता. मोठ्या पेटीत वरचं अंडं भाजायचं आणि खालचं गार राहायचं. १९१८ मधे अमेरिकेत सॅम्युएल स्मिथनं पंख्यानं हवा फिरवून वेगवेगळ्या वयाची अंडी एकाच खोलीत ठेवायचं पेटंट घेतलं, जुन्या अंड्याची ऊब नव्याला, म्हणजे इजिप्त-चीनचीच अक्कल पण पंखा लावून. त्या पेटंटवरची भांडणं १९३५ मधे पार तिथल्या सुप्रीम कोर्टात गेली यावरून पैसा किती होता बघा. आणि दुसरी गोष्ट निसर्गानंच दिलेली, पिल्लू बाहेर यायच्या आधी उरलेला बलक पोटात ओढून घेतं, त्यावर ते दोन-तीन दिवस दाण्यापाण्याशिवाय काढू शकतं. म्हणूनच एक दिवसाचं पिल्लू डब्यात घालून लांबच्या गावी पाठवता येतं, नाहीतर हॅचरी, म्हणजे पिल्लं काढून विकायचा कारखाना, हा धंदाच उभा राहिला नसता.

आपल्या बाजूला हा धंदा मोठा झाला तो १९७१ नंतर, डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली तेव्हापासून, पुढं १९८२ मधे एनईसीसी ही अंडी उत्पादकांची देशपातळीवरची समिती आली आणि अंड्याचा रोजचा भाव निघायला लागला. पण वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देणारी जी पांढरी लेअर कोंबडी आहे तिच्यातून पिढ्यान् पिढ्या निवड करून खुडूकपणा जवळजवळ काढून टाकलाय. ती बसतच नाही. म्हणजे मशीन आली म्हणून अशी कोंबडी करता आली आणि अशी कोंबडी आली म्हणून मशीनशिवाय पिल्लू निघेना. त्यातला नर कुणाच्याच कामाचा नाही, अंडं देत नाही आणि मांसाला भरत नाही, तेच ते गुलाबी-हिरव्या रंगात बुडवलेले पिल्लू जे सायकलवरच्या जाळीतून गल्लीत विकायला येतात, पोरं हट्ट करतात आणि चार दिवसात मरतंय.

गावरानची मागणी मात्र कधी गेली नाही, सोलापुरात तर रस्सा म्हणला की गावरानच. म्हणून मधला मार्ग निघाला, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, हैदराबादची वनराज, परसात फिरणाऱ्या पण जास्त अंडी देणाऱ्या. कर्नाटक शेजारीच असल्यानं गिरिराज आपल्याकडं घरोघरी माहीत झाली. मग कडकनाथ, मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या या काळ्या कोंबडीला २०१८ मधे जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचा सरकारी शिक्का मिळाला आणि काळं मटण, महागडं अंडं म्हणत लोक येडे झाले, २०१९ मधे इस्लामपूरकडच्या कडकनाथ पाळायच्या योजनेत पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांचे पैसे बुडाल्यावर कुठं हवा उतरली. पण घरच्या घरी पिल्लं काढायची सवय त्या हवेनं लावली ती राहिली.

सवय लागायला स्वस्त सामान पण लागतं. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत घरी मशीन चालवायचा विचार कुणी केला नसता. आता लाईट बऱ्यापैकी असते, इन्व्हर्टर असतो, आणि दोन-तीनशे रुपयांत डिजिटल थर्मोस्टॅटचा बोर्ड मिळतो जो ३७.५ अंशाला बल्ब बंद-चालू करतो. ड्रेबेलनं पाऱ्यानं केलं तेच. गंमत म्हणजे २०१५ ला स्वस्त एलईडीची सरकारी उजाला योजना आली, घराघरात एलईडी आले आणि तापणारा जुना पिवळा बल्ब दुकानातून गायब व्हायला लागला, एलईडी लावून पिल्लं काढता येत नाहीत वो.

आता सोलापूरची खास अडचण. या पेट्या सगळ्या थंड मुलखाच्या हिशोबानं केलेल्या, त्यांना फक्त तापवता येतं. मे महिन्यात बाहेर ४२ आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्त असताना बल्ब बंद राहिला तरी आतला आकडा चढतच जातो, आणि अंडं थोडा वेळ गार झालेलं सोसतं पण तापलेलं सोसत नाही. हवा कोरडी, त्यामुळं अंड्यातलं पाणी जास्त उडतं आणि पिल्लू शेवटी पापुद्र्यात अडकतं, म्हणून १८ व्या दिवसानंतर अंडी फिरवणं थांबवून आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर न्यायची. त्याहून छुपी भानगड म्हणजे बसवायच्या आधीची. साधारण २१-२४ अंशाच्या वर गर्भ हळूहळू वाढायला लागतो, आपल्याकडं उन्हाळ्यात टोपलीतच वाढायला लागतो, अर्धवट वाढून मरतो, आणि सातव्या दिवशी टॉर्चवर बघितलं की माणूस म्हणतो कोंबडाच खराब, अंडं फळलंच नाही. जुने लोक माठाजवळ, ओल्या वाळूवर अंडी ठेवायचे ते उगाच नाही, आणि पिल्लं काढायची ती थंडीतच.

हीच विद्या आता आपल्या माळढोक पक्ष्याला पण लागली. सोलापूरजवळचं नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं, पण तिथला पक्षी आता दिसणं नशीबाची गोष्ट. राजस्थानात जैसलमेरजवळ सम इथं २०१९ पासून रानातून माळढोकाची अंडी आणून मशीनमधे उबवतात, पिल्लं माणसं वाढवतात, आणि त्यांच्यापासून पुढची पैदास पण झाली आहे. नान्नजच्या माळावर हे वेळेत व्हायला पाहिजे होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

मशीननं एकवीस दिवस सोडवले, पुढचा महिना नाही. पिल्लाला पहिल्या आठवड्यात ३३-३५ अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला थोडी कमी करत जायची, म्हणजे परत बल्ब, परत रात्री उठून बघणं, मांजर-घूस वेगळी. ज्यांच्याकडं खुडूक कोंबडी आहे ते सरळ अंधारात मशीनची पिल्लं तिच्या पंखाखाली सरकवतात. सकाळी ती आपलीच समजून हिंडवते, त्यासाठी रात्रीच ठेवायची आणि पिल्लं एक-दोन दिवसांचीच पाहिजेत, मोठी झालेली ती चोचीनं हाकलते.